दुर्मिळ लाकूड आणि आमचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला आमचं लाकूडकामाचं लहानसं दुकान आहे. पोळपाट-लाटणी, काठवटी, चौरंग, देव्हारे, बंगईच्या (झोपाळ्याच्या) फळ्या, कातावरची (लाकूड गरगर फिरवून घडवायच्या यंत्रावरची) बारीकसारीक कामं आम्ही करतो. गिऱ्हाईक आलं की लाकडाबद्दल तेच तेच प्रश्न निघतात आणि उभ्या उभ्या नीट उत्तर देता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिलं आहे.

शिसव, आबनूस, रक्तचंदन यांची कामं तुम्ही घेत नाही. जमत नाहीत का?

जमतात. माझ्या वडिलांचा हात शिसवावर बसलेला होता आणि मीही त्यावरच शिकलो. रंधा फिरवला की जांभळट तपकिरी पापुद्रे निघतात, त्यांना गोडसर वास असतो, आणि पॉलिश न करताही लाकूड चमकतं. ज्याने एकदा त्यावर काम केलं त्याला दुसरं लाकूड काही दिवस फिकं वाटतं.

ते सोडण्याचं कारण एक प्रसंग आहे. काही वर्षांपूर्वी चोपड्याकडून एक ओळखीचा माणूस चार फळ्या घेऊन आला. भाव बाजारापेक्षा बराच कमी होता. बिल नव्हतं, मी मागितलंही नाही. त्या फळ्यांतून मी आठ डबे केले आणि सात विकले गेले. आठवा घ्यायला एक बाई आल्या. डबा हातात फिरवून त्यांनी सहज विचारलं, "हे झाड कुठलं हो?" मला सांगता आलं नाही. त्या गेल्यावर उरलेल्या तुकड्याचं टोक पाहिलं. आऱ्यावर कापलेलं नव्हतं, कुऱ्हाडीने तोडलेलं होतं, आणि वनविभागाच्या हातोड्याचा ठसा कुठेच नव्हता. पुढे तो माणूस भेटला तेव्हा त्याला विचारलं. "वरून आलं," एवढंच म्हणाला. आमच्याकडे वर म्हणजे सातपुडा.

चूक माझीच होती. बिल मागायला दोन मिनिटं लागली असती. तेव्हापासून एकच गोष्ट धरून चाललो आहे: झाड कुठे उभं होतं आणि ते का तोडलं गेलं, हे सांगता येत नसेल तर ते लाकूड रंध्याखाली घ्यायचं नाही. तो आठवा डबा विकला नाही. दुकानात पटाशीच्या दगडाशेजारी ठेवलेला आहे.

पण शिसम तर सगळीकडे मिळतं. मोठमोठ्या दुकानांत शिसमचे पलंग असतात. मग ते दुर्मिळ कसं?

इथे दोन वेगळ्या झाडांचा घोळ होतो आणि विकणारे बरेचदा तो दूर करत नाहीत. जोधपूरकडून येणाऱ्या फर्निचरमधलं शिसम बहुतेक वेळा शिसू असतं. उत्तर भारतात कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेला, शेतांच्या बांधावर ते भरपूर लावलेलं आहे आणि त्यामानाने लवकर वाढतं. आपण ज्याला शिसव किंवा काळं शिसव म्हणतो ते वेगळं. ते सह्याद्रीत, डांगात, सातपुड्यात तुरळक उगवतं, फार सावकाश वाढतं आणि जागतिक लाल यादीत धोक्यात आलेल्या झाडांत त्याची नोंद आहे.

दोन्ही एकाच कुळातली, डालबर्जिया वंशातली. वन्यजीव आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस नावाचा करार नियंत्रण ठेवतो. तो १९७५ पासून लागू आहे आणि भारत १९७६ पासून त्यात आहे. २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या बैठकीत या वंशातल्या सगळ्याच जाती कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानेच व्यापार करता येणाऱ्या यादीत, घातल्या गेल्या. ब्राझीलचं शिसव तर १९९२ पासूनच पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा व्यापारच जवळपास बंद. सगळा वंश एकदम घालण्याचं कारण सोपं होतं. फळी झाल्यावर कुठलं शिसव कुठलं हे बंदरावरच्या तपासनिसाला ओळखता येत नाही आणि चोरटे त्याचाच फायदा घेतात. २००५ ते २०१४ या काळात जगभरात जप्त झालेल्या वन्यजीव-मालाच्या किमतीत सर्वात मोठा वाटा शिसवाच्या जातीच्या लाकडांचा होता, सुमारे ३५ टक्के. हस्तिदंतापेक्षाही जास्त.

तेव्हा शिसूचा पलंग घेतला म्हणून मनाला लावून घेऊ नका. पण दुकानदाराला "शिसू की शिसव?" एवढं जरूर विचारा.

आबनूस म्हणजे फक्त काळा रंग. त्यात एवढं काय?

त्या काळ्या रंगातच सगळी अडचण आहे. आबनुसाच्या जातीच्या झाडाचं बाहेरचं लाकूड फिकट असतं, काळा असतो तो गाभा, आणि तोही प्रत्येक झाडात सारखा नसतो. आपल्याकडची टेंभुर्णी याच वंशातली. विडीची पानं तिचीच. सातपुड्यात कुणालाही विचारा, वठलेल्या टेंभुर्णीच्या आत कधी मनगटाएवढा काळा गाभा सापडतो, कधी काहीच नाही.

कॅमेरूनमधली एक गोष्ट मला फार लागली. टेलर या गिटार बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने २०११ मध्ये भागीदारीत तिथली आबनुसाची एक गिरणी घेतली. कंपनीचे बॉब टेलर जंगलात गेले तेव्हा त्यांना कळलं की तोडणारे साधारण दहा झाडं पाडतात आणि निखळ काळं निघालेलं एकच उचलतात. तपकिरी रेघा असलेली बाकीची तिथेच कुजतात, कारण गिऱ्हाईकाला रेघ चालत नाही. त्यांनी मग रेघांचं लाकूडही त्याच भावाने घ्यायला आणि आपल्या गिटारींना लावायला सुरुवात केली. वाजण्यात फरक काहीच पडत नव्हता.

माझ्या दृष्टीने यात दोष तोडणाऱ्या मजुराचा नव्हता. गिऱ्हाईकाच्या नजरेचा होता आणि ती नजर तयार करणाऱ्या कारागिराचा. "गाठ नको, रेघ नको, सगळा रंग एकसारखा पाहिजे" असं आपण म्हणतो तेव्हा कुठेतरी नऊ झाडं पडून राहतात. म्हणून आमच्या काठवटीत गाठ दिसली, रंगाचा पट्टा दिसला तर ती तशीच राहू देतो आणि किंमत कमी करत नाही.

काळा रंगच हवा असेल तर?

तर तो करता येतो, आणि आपल्या मातीतल्या लाकडावर झकास होतो. काळी शाई पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा एक क्षार) यांपासून करायचे. तीच रीत इथे चालते. बाभळीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आधीच भरपूर असतं, तिच्या सालीवर कातडी कमवतात ती त्यामुळेच.

काष्ठौषधींच्या दुकानातून हिरडा आणायचा, कुटून पाण्यात उकळायचा, गाळायचा. दुसरीकडे गंजके खिळे किंवा लोखंडी घासणी साध्या व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस भिजत ठेवायची. झाकण सैल ठेवा, आत वायू होतो, घट्ट लावलं तर बाटली फुटेल. वस्तू पॉलिश पेपरने गुळगुळीत करून तिला हिरड्याच्या काढ्याचा हात द्यायचा, पूर्ण वाळू द्यायची, मग लोखंडाचं पाणी लावायचं. बघता बघता लाकूड राखाडी होतं, मग निळसर, आणि दहा-पंधरा मिनिटांत काळं. रंग वर बसत नाही, लाकडातच उतरतो, त्यामुळे नखाने निघत नाही. वाळलं की पुन्हा हलकं घासून जवसाचं तेल आणि मेण.

हे शोभेच्या वस्तूंवर करा. पोळपाट, काठवट, चमचे यांवर नको. अन्नाला लागणाऱ्या लाकडाला तेलापलीकडे काही लावू नये असं आमच्याकडे आहे.

देवासाठी रक्तचंदनाची माळ किंवा मूर्ती करून द्याल का? पुण्याचं काम आहे.

श्रद्धेबद्दल मी काही बोलणार नाही, आमच्याही घरात देव्हारा आहे. पण रक्तचंदनाचं पुढे काय होतं ते सांगावंसं वाटतं.

हे झाड जगात नैसर्गिकपणे एकाच पट्ट्यात वाढतं: पूर्व घाटाचा दक्षिण भाग, मुख्यतः आंध्रातले कडप्पा, चित्तूर, नेल्लोरचे डोंगर. १९९५ पासून ते सायटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. मागणी बाहेरची, चीनमध्ये भारी फर्निचरसाठी, जपानमध्ये शामिसेन नावाच्या वाद्याच्या दांड्यासाठी. भाव इतका की माणसं जीव धोक्यात घालून जंगलात शिरतात. ७ एप्रिल २०१५ ला शेषाचलमच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात २० माणसं मारली गेली. बहुतेक तामिळनाडूतून आलेले मजूर होते. ज्यांच्याकडे पैसा जात होता त्यांच्यापैकी त्या रात्री जंगलात कुणी नव्हतं.

ही बातमी वाचली त्या आठवड्यात माझ्याकडे रक्तचंदनाच्या मण्यांचं काम होतं. मी ते परत केलं.

पांढऱ्या चंदनाचंही तसंच. हे झाड अर्धपरजीवी आहे, शेजारच्या झाडांच्या मुळांतून पोषण घेतं, म्हणून शेतकरी त्याच्यासोबत तूर लावतात. गाभ्यात तेल आणि वास भरायला पंधरा-वीस वर्षं सहज जातात. खानदेशात काही जणांनी शेतात लावलं आहे, आणि कुणी रीतसर परवानगीने तोडून कागदासह आणलं तर मी आनंदाने काम करीन. आजवर तसं कुणी आलेलं नाही. जे येतं ते पिशवीत लपवून येतं.

माळेसाठी तुळस आहे. वारकऱ्याच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या तीच आहे, अंगणातल्या वाळलेल्या खोडाची. कातावर तुळशीचे मणी काढणं नाजूक काम, बोटं दुखतात, पण आमच्याकडे होणाऱ्या कामांत मनाला सगळ्यात शांत वाटतं ते हेच.

अंजन तर आपल्याच भागातलं. ते परकं नाही, मग ते तरी वापरता ना?

या प्रश्नाला मोठं उत्तर लागेल, कारण माझा जीव या झाडात आहे.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: अंजनाचं पान आपट्याच्या पानासारखं, पण लहान आणि मधून पूर्ण दुभंगलेलं. उथळ, खडकाळ, कोरड्या जमिनीवर, जिथे साग खुरटतो तिथेही हे उभं राहतं. यावल, चोपडा, शिरपूरकडे उन्हाळ्यात गेलात तर बाकी डोंगर करडा असतो आणि अंजनाला तांबूस कोवळी पालवी फुटलेली असते. दुष्काळात गुरांना हाच पाला. सालीच्या धाग्याचे दोर वळत. आणि लाकूड असं की पाण्यात टाकलं तर बुडतं. बैलगाडीचा कणा, वखराचा दांडा, मुसळ, जिथे मार बसतो तिथे अंजन.

माझ्या आजोबांचं अंजनाचं मुसळ अजून घरात आहे. मी पहिल्यांदा अंजनाचा तुकडा कातावर चढवला तेव्हा पटाशीची धार दहा मिनिटांत गेली. शेजारी बसलेले आजोबा म्हणाले, "हाई लाकूड नही भाऊ, लोखंड शे." नंतर ते दिवसभर धार लावून देत बसले आणि मी संध्याकाळपर्यंत एक लाटणं काढलं. ते लाल-काळं लाटणं आई आजही वापरते.

आता उत्तर. परकं नाही म्हणून ते चालेल, असं मी मानत नाही. आफ्रिकेतलं झाड वाचवायचं आणि सातपुड्यातलं कापायचं, यात काय अर्थ आहे? अंजन सावकाश वाढतं. एकेका मोठ्या खोडाला माणसाची दोन-तीन आयुष्यं लागतात आणि बी दरवर्षी चांगलं धरत नाही. ज्या टेकड्यांवर आजोबांनी दाट अंजन पाहिलं होतं तिथे मला झुडपं दिसली. यावलचं अभयारण्य १९६९ पासून आहे, तरी त्याच्या कडेकडेने जंगल कसं विरळ झालं हे तिकडचे लोक जास्त चांगलं सांगतील. उभ्या अंजनाचं लाकूड मी घेत नाही. मोडलेल्या गाडीचा कणा, जुन्या घराची तुळई, बापाच्या काळातलं अवजार कुणी आणलं तर घेतो, आणि त्यातला बोटाएवढा तुकडाही फेकत नाही. त्याच्या सुरीच्या मुठी होतात, रवीचे दांडे होतात, बंगईच्या कड्यांच्या खुंट्या होतात.

झाड तर आधीच तोडलेलं आहे. मी नाही घेतलं तर दुसरा कुणी घेईल. मग माझ्या न घेण्याने काय होतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि तो प्रामाणिक आहे. तुमच्या एका नकाराने ते झाड पुन्हा उभं राहत नाही, हे खरंच.

पण आमच्या धंद्यात बातमी कशी फिरते ते मी पाहिलं आहे. "अमळनेरचा अमुक शिसवाच्या वस्तूला इतके देतो" हे चोपड्यापर्यंत दोन दिवसांत पोचतं. मी ते सात डबे विकले आणि महिन्याभरात तीन वेगवेगळे लोक फळ्या घेऊन दाराशी आले. मी घेणं बंद केलं, तर सहा-आठ महिन्यांनी येणंही थांबलं. ते दुसरीकडे गेले असतील. गेलेच असतील. पण पुढचं झाड पाडायला लावणारा पैसा माझ्या गल्ल्यातून गेलेला नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकतो आणि मला तेवढं पुरतं.

बर्मा टीक चालेल ना? ते तर सगळ्यात भारी सागवान.

लाकूड भारी आहे, यात वाद नाही. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. १ फेब्रुवारी २०२१ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि त्याच वर्षी अमेरिका व युरोपीय संघाने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध आणले, कारण लाकडाचा पैसा थेट लष्कराकडे जातो. आपल्याकडे अजूनही त्या नावाने माल विकला जातो. त्यातला किती खरा बर्मा आणि किती कांडला बंदरावर उतरलेला आफ्रिकेतला किंवा दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा साग, हे फळी पाहून सांगणं अवघड असतं.

आम्ही वनविभागाच्या आगारातून लिलावात निघालेला साग घेतो, नाहीतर शेतातला, परवानगीने तोडलेला. दरवाजाच्या चौकटीला तोही तेवढाच टिकतो.

शेतातलं माझं स्वतःचं झाड तोडायलाही परवानगी लागते?

बऱ्याच झाडांना लागते. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ मध्ये अनुसूचित झाडांची यादी आहे. साग, मोह, चिंच, आंबा, खैर, चंदन, तिवस, अंजन, जांभूळ ही त्यातली. आणि तोडल्यानंतर माल हलवायला वाहतुकीचा पास वेगळा. शहरात झाड असेल तर १९७५ चा वेगळा कायदा आहे आणि नगरपालिकेकडे अर्ज करावा लागतो. यादीत नसलेल्या झाडाबद्दलही आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. हेलपाटे पडतात, मला माहीत आहे. तरीही तो कागद असेल तरच आम्ही लाकूड घेतो.

म्हणजे पाड्यावरच्या आदिवासींनी जंगलातून काही आणूच नये का? त्यांचं पोट त्यावर आहे.

असं मी कधीच म्हणणार नाही. धडगाव-मोलगीकडचा माणूस घरासाठी, नांगरासाठी, चुलीसाठी जंगलात जातो आणि त्याने जंगल संपलेलं नाही. ट्रकने जाणाऱ्या ओंडक्यांनी संपलं. वनहक्क कायदा २००६ ने गावाला आपलं सामूहिक जंगल राखायचा आणि गौण वनोपज घ्यायचा हक्क दिला. बांबूही त्यात येतो.

शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहून या. उजाड झालेल्या डोंगरावर चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी १९९० च्या दशकापासून ४०० हेक्टरहून जास्त जंगल राखलं. तोडीला दंड गावानेच ठरवला आणि गावानेच वसूल केला. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे जंगल राखणं आणि जंगलावर जगणं ही एकाच माणसाची दोन कामं आहेत. अशा गावातून, गावाच्या ठरावाने निघालेलं लाकूड किंवा बांबू असेल तर कारागिराने ते चढ्या भावाने घ्यावं. शहरातल्या दुकानात बसून पाड्यावरच्या माणसाला निसर्ग शिकवू नये.

मग तुम्ही वापरता तरी काय?

बाभूळ, कडुनिंब, शिरस, चिंच, बोर, आंबा, वेडी बाभूळ. आणि जुन्या घरांचं लाकूड, त्याबद्दल पुढे.

शिरसाचा गाभा अक्रोडासारखा तपकिरी असतो, इंग्रजांच्या काळात त्याला पूर्वेचा अक्रोड म्हणूनच विकत. चिंचेच्या जुन्या खोडाच्या आत जांभळट काळा गाभा निघतो. खाटकाचा ओंडका चिंचेचा असतो, कारण तो सुऱ्याला दाद देत नाही. मेहरूणच्या बोराचं फळ सगळ्यांना माहीत आहे, पण बोरीचं लाकूड लालसर, चिवट आणि कातावर लोण्यासारखं गुळगुळीत होतं हे फार थोड्यांना.

वेडी बाभूळ बाहेरून आली आणि नदीकाठ, गायरान सगळं व्यापून बसली. तिला तोडलेलं कुणालाच वाईट वाटत नाही, बहुतेक ती जळणाला जाते. पण वाळताना ती फार कमी आकसते, त्यामुळे भांडी वाकडी होत नाहीत. काटे, वाकडी खोडं, आतली भोकं यांमुळे मोठी फळी मिळत नाही. वाट्या, डबे, मुठी यांना तेवढं लाकूड पुरतं. बोरी नदीच्या पात्राजवळून आणलेल्या एका खोडातून मी अकरा वाट्या काढल्या. त्यांचा रंग पाहून एकाने शिसव समजून भाव विचारला होता.

जुन्या घराचं लाकूड कुठून आणता? ते किडकं नसतं?

खानदेशात धाब्याची (मातीच्या सपाट छताची) घरं झपाट्याने पडत आहेत. भाऊ वाटण्या करतात, स्लॅबचं घर बांधतात आणि शंभर वर्षं जुन्या तुळया, कड्या, खांब जळणाच्या भावाने जातात. पारोळ्याला एक घर उतरवताना मी तिथे होतो. वरची पांढरी माती फावड्याने खाली लोटत होते, सगळ्यांची डोकी-भुवया पांढऱ्या झालेल्या. खालून कडी निघाली ती धुराने कोळशासारखी काळी. ज्यांचं घर होतं त्या आजी ओट्यावर बसून म्हणाल्या, "चुलीचा धूर आहे तो, माझ्या सासूचा आणि माझा." एका टोकाला रंधा मारला तर आत मधासारखा पिवळा साग. त्यांना त्यातूनच एक पोळपाट करून दिला, पैसे घेतले नाहीत.

अशा सागाच्या वाढीच्या रेघा इतक्या जवळ असतात की बोटाच्या पेरात वीस-पंचवीस मोजता येतात. आजच्या लागवडीच्या सागात असं दिसत नाही. मातीला टेकलेलं टोक वाळवीने खाल्लेलं असतं, ते कापून टाकायचं. खिळे मात्र जपून. जुने चौकोनी लोहारी खिळे लाकडात गंजून बसतात, आऱ्याचं पातं एका खिळ्याने जातं. आम्ही आधी चुंबक फिरवतो, मग टोकराने शोधतो.

एक सूचना: भुसावळकडून रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कधीकधी विकायला येतात. ते क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात मुरवलेले असू शकतात. बागेतल्या बाकाच्या पायांना ठीक, घरातल्या आणि स्वयंपाकाच्या वस्तूंना अजिबात नको. त्याचा भुसाही नाकातोंडात जाऊ देऊ नका.

प्रमाणपत्र असलेलं परदेशी लाकूड घेतलं तर?

चालेल. जंगल नीट राखून काढलेल्या लाकडाला एफएससी या आंतरराष्ट्रीय संस्थेचा शिक्का मिळतो, आणि हस्तकला निर्यातदारांसाठी आपल्याकडे वृक्ष नावाची प्रमाणपत्र योजना आहे. शिक्का नुसता दुकानाच्या पाटीवर नको, बिलावर पाहा.

आमच्याकडे पणजोबांचा शिसवी पलंग आहे. तो ठेवणं चुकीचं आहे का?

मुळीच नाही. तो नीट राखा. सांधे सैल झाले असतील तर आणा, सरस बदलून पुन्हा बसवून देतो. पाय तुटला असेल तर नवा पाय शिरसाचा लावतो आणि जुन्याच्या रंगाला मिळवून देतो. फोडून टाकू नका, आणि भंगारवाल्याला तर नकोच.

मुलगा अमेरिकेत आहे. शिसवाची भेटवस्तू पाठवता येईल का?

सायटिसच्या २०१९ च्या बदलानंतर तयार वाद्यांना आणि ठरावीक वजनाच्या आतल्या तयार वस्तूंना डालबर्जियाच्या बाबतीत सूट मिळाली आहे. तरी ज्या देशात पाठवायची तिथले नियम आधी तपासा, आणि लाकडाचं बिल जवळ ठेवा. रक्तचंदनाचा मणीसुद्धा पाठवू नका. आमच्याकडून बाभळीची किंवा बोरीची वस्तू घेतलीत तर सायटिसचा प्रश्नच येत नाही. कच्चं, सालीसकट लाकूड मात्र कुठेच पाठवू नका, कीड जाते.

बाभळीच्या काठवटीला एवढे पैसे? बाभूळ तर फुकट मिळते.

झाड स्वस्त आहे, काम स्वस्त नाही. खोड आणल्यावर टोकांना मेण लावून सावलीत किमान वर्षभर ठेवतो, नाहीतर उभ्या भेगा पडतात. तरीही दहातले दोन-तीन तुकडे फाटतातच. मग वाकसाने पोकळ करणं, पटाशीने आतली गोलाई काढणं, घासणं, तीन वेळा तेल. एका काठवटीला दोन दिवस जातात. पूर्वी आपण लाकडाच्या नावाचे पैसे द्यायचो आणि हाताचे द्यायचो नाही. ते उलटं व्हावं असं मला मनापासून वाटतं. एखाद्या कारागिराला नेहमीच्या झाडाचे पुरेसे पैसे मिळाले तर त्याला "वरून आलेल्या" फळीचा मोह कमी होईल.

आमच्या शेतात वादळाने झाड पडलं आहे, किंवा जुनं घर उतरवायचं आहे. तुम्ही लाकूड घ्याल का?

हो, आणि हा निरोप मिळाला की आनंद होतो. झाडाचे लगेच तुकडे करू नका. खोड जेवढं लांब ठेवता येईल तेवढं ठेवा आणि जमिनीवरून दोन विटांवर उचलून सावलीत ठेवा. झाड कुठलं, कधी पडलं, बांधावरचं की परसातलं, हे लिहून ठेवा. तलाठ्याकडचा किंवा वनविभागाचा कागद असेल तर तो सोबत ठेवा. घर उतरवत असाल तर खिळे ओढू नका, लाकूड फाटतं, ते आम्ही काढू. त्यातला एक तुकडा तुमच्यासाठी बाजूला ठेवतो. काय करून हवं ते तेव्हा सांगा: लाटणं, पाट, नातवाचा भोवरा, काहीही.